आधी मीटर, मग मोटार

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. माहेरच्या ग्रुपवर पार्ल्याच्या काकांनी टाकला, सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरून आला, आणि ऑफिसातल्या दोघांनी ‘तुम्ही गाडी बदलताय ना, म्हणून’ असं म्हणत पाठवला. ‘इलेक्ट्रिक गाडी घेताय? एवढंच वाचा, शोरूमवाले सांगणार नाहीत’ असा मथळा. आत पाच फर्मानं आणि गाड्यांचा एक तक्ता. कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर गाडी किती किलोमीटर धावते ते, भागिले किंमत, उत्तर मोठं येईल ती गाडी घ्या. चालवायचा खर्च किलोमीटरला एक रुपया, चार्जिंग घरी करा की बाहेर. बॅटरी भाड्याने मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. मुंबईच्या पावसात मात्र जपून, पाण्यात शॉक बसतो. आणि बॅटरीची वॉरंटी संपली की गाडी भंगारात.

आमची वॅगन आर अकरा वर्षांची आहे, सीएनजीवर चालते. तिच्या जागी काय आणावं यावर घरात दिवाळीपासून खल चाललाय, त्यामुळे हा मेसेज मी एरवीसारखा सोडून न देता कागद-पेन घेऊन वाचला. पाचापैकी एकही फर्मान जसंच्या तसं टिकत नाही.

रेंज भागिले किंमत. ऐकायला झकास. पण भागायचा आकडा कोणता? टाटांची कर्व्ह घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये ती आली तेव्हा 55 युनिटच्या (माहितीपत्रकात किलोवॅट-अवर, kWh) बॅटरीला 585 किलोमीटर हा आकडा जाहीर झाला. त्याच गाडीचा, त्याच बॅटरीचा दुसराही आकडा होता, 502. पहिला रेंजच्या अधिकृत चाचणीच्या फक्त शहरी भागावरचा, दुसरा शहरी आणि महामार्ग असे दोन्ही भाग धरून. गंमत पुढे आहे. 45 युनिटच्या लहान बॅटरीचा शहरी आकडाही 502 च. म्हणजे एका माहितीपत्रकातून लहान बॅटरीचा एक आकडा उचलला आणि दुसऱ्यातून मोठीचा दुसरा, तर दोन्ही गाड्या सारख्याच धावतात असं सिद्ध होईल. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचं असंच होतं, आणि मेसेजमधल्या तक्त्यात नेमकं तेच झालंय.

शिवाय ही चाचणी रोलरवर होते, एसी बंद ठेवून, आणि महामार्गाच्या भागातही वेग नव्वदच्या पुढे जात नाही. टाटांनी स्वतःच 55 युनिटवाल्या कर्व्हची प्रत्यक्षातली रेंज 400 ते 425 सांगितली होती. त्यामुळे मी एक साधी युक्ती केली. सगळ्या गाड्यांच्या रेंजचे आकडे खोडले आणि फक्त बॅटरीचे युनिट ठेवले. टाटांची नेक्सॉन 45, एमजीची विंडसर 38 किंवा 52.9, ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक 42 किंवा 51.4. या आकाराच्या गाडीला एका युनिटमागे सात किलोमीटर धरले. नेक्सॉनला आले सव्वातीनशेच्या आत, लहान विंडसरला 266. जाहिरातीइतके सुखद नाहीत, पण निदान सगळ्यांना एकच फूटपट्टी लागली.

आता हे किलोमीटर लागतात कधी? आमचं मुलुंड ते बीकेसी येणं-जाणं धरून दिवसाला चाळीसेक होतात. म्हणजे सहा युनिट. घरातल्या गीझरच्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर तासाला तीनेक युनिट भरतात, दोन-अडीच तासांत काम झालं. क्रेटाला 11 किलोवॅटचा चार्जर चालतो म्हणून ती सरस, असंही मेसेजात आहे. त्या चार्जरला थ्री-फेज वीज लागते. आमच्या 1994 सालच्या इमारतीत थ्री-फेज आहे ती लिफ्टला आणि पाण्याच्या पंपाला. घरातल्या सिंगल फेजवर फार तर सात किलोवॅटच्या आसपास मिळणार, मग गाडीची ताकद अकराची असो नाहीतर बावीसची.

मोठ्या बॅटरीचा उपयोग आम्हाला वर्षातून तीन-चारदा, मुख्यतः गणपतीला. चिपळूणला जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटर. रस्ता जिथे झालाय तिथे वेग वाढतो आणि वेग वाढला की युनिट भराभर जातात. हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या मानाने कितीतरी जास्त वाढते. म्हणून पेट्रोलच्या उलट, इथे शहरात गाडी जास्त पळते आणि हायवेवर कमी. लहान विंडसर घेतली तर वाटेत एक थांबा नक्की, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी त्या थांब्यावर माझ्यासारखे आणखी दहाजण उभे असणार. नेक्सॉनने एका दमात पोचता येईल, पण तिथे पोचल्यावर घरच्या ओटीवरच्या पॉइंटला रात्रभर लावावी लागेल आणि लाइट गेली नाही पाहिजे. हे सगळं एका भागाकारात कसं बसवायचं, ते काकांना विचारणार आहे.

जाता जाता, ट्रॅफिकमध्ये बॅटरी संपते ही भीतीही त्या तक्त्याखाली बारीक अक्षरात होती. उभ्या गाडीची मोटर काही खात नाही. एसी खातो, तासाला एक-दीड युनिट. म्हणजे ऐरोलीच्या सिग्नलला तासभर अडकलात तर आठ-दहा किलोमीटर गेले. चिडचिड होते ती वेगळी.

किलोमीटरला एक रुपया. हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण गाडी घेणारा माणूस हप्त्याचं गणित यावरच मांडतो. मुलुंडला वीज महावितरणची. घरगुती बिलात टप्पे असतात: शंभर युनिटपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. एक रुपयाचा हिशेब करणाऱ्याने पहिल्याच्या आसपासचा दर धरलाय. पण गाडीचे युनिट बिलात सुरुवातीला येत नाहीत, ते घरच्या फ्रीज-पंख्यांच्या वर चढतात. भरताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला सव्वासहा किलोमीटर धरा. महिन्याला हजार किलोमीटर चालवली की 160 युनिट. आमचं बिल एरवी अडीचशेचं, ते गेलं चारशेवर. म्हणजे गाडीच्या विजेचा मोठा वाटा तीनशेनंतरच्या टप्प्यात, जिथला दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त आहे. युनिटला दहा रुपये पडले तर किलोमीटरला 1.60, पंधरा पडले तर 2.40.

यावर उपाय आहे. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगचा वर्गच वेगळा आहे आणि त्याला घरगुतीसारखे टप्पे नाहीत. त्यासाठी वेगळा मीटर घ्यावा लागतो. वेगळा मीटर म्हणजे मीटर रूममध्ये जागा, तिथून पार्किंगपर्यंत केबल, आणि सोसायटीची संमती.

आणि ‘बाहेर चार्ज करा’वाल्यांसाठी. फास्ट चार्जरला युनिटमागे वीसच्या वर सहज जातात. बावीस धरले आणि बॅटरीत भरलेल्या युनिटला तेच सात किलोमीटर, तर किलोमीटरला तीन रुपयांहून थोडं जास्त. माझी वॅगन आर ट्रॅफिकमध्ये किलोला चोवीस देते आणि सीएनजी 80 रुपये धरला तर तिचेही तीन रुपये तेहतीस पैसेच होतात. म्हणजे घरी पॉइंट नसेल तर सीएनजीवाल्याने इलेक्ट्रिक घेऊन चालवण्याच्या खर्चात जवळजवळ काही वाचत नाही. पेट्रोलवाल्याचं गणित वेगळं. शंभरच्या वरचं पेट्रोल आणि चौदाचं अ‍ॅव्हरेज असेल तर सात रुपये जातात, त्याला बाहेरचा चार्जरही परवडेल.

म्हणून दोन गाड्यांची तुलना करायच्या आधी मी मेझरिंग टेप घेऊन खाली उतरले. वॉचमनने टेपचं टोक मीटर रूमच्या दारापाशी धरलं. मी भिंतीकडेने निघाले, पंपाच्या खोलीला वळसा, गटाराच्या जाळीवरून, इमारतीखालच्या आमच्या स्टिल्ट पार्किंगमधल्या खांबापर्यंत. तीस मीटरची टेप संपली तेव्हा आमची गाडी अजून एका स्कूटरपलीकडे होती. वॉचमनने जाळीपाशी चपलेने खूण केली, तिथून परत मोजलं. चौतीस. वायरमन म्हणाला, ‘ताई, केबल जाड घ्यावी लागेल, एवढ्या लांबीवर बारीक घातली तर व्होल्टेज पडतं आणि तापते.’ त्या चौतीस मीटरचं कोटेशन मी नेक्सॉन आणि विंडसर दोन्हींच्या किमतीत मिळवलं, हा खर्च कुठलीही गाडी घेतली तरी तोच.

बॅटरी भाड्याने. सप्टेंबर 2024 मध्ये विंडसर आली तेव्हा बॅटरीसकट किंमत साडेतेरा लाख होती आणि बॅटरी भाड्याची असेल तर 9.99 लाख, वर किलोमीटरला साडेतीन रुपये. आकडे तेव्हाचे, पण गणित आजही याच पद्धतीने करायचं. फरक साडेतीन लाखांचा, भाडं साडेतीन रुपये, म्हणजे एक लाख किलोमीटरला बरोबरी. हजार किलोमीटर महिना चालवणाऱ्याला आठ वर्षांहून जास्त लागतील, व्याज धरलं तर व्यवहार वाईट नाही. टॅक्सीसारखी अडीच हजार चालवणारा मात्र साडेतीन वर्षांच्या आतच लाख ओलांडेल आणि पुढेही भरत राहील.

मग डोळे का मिटायचे नाहीत? एक, भाड्यात वीज येत नाही. साडेतीन अधिक विजेचे निदान दीड, पाच रुपये किलोमीटर, माझ्या सीएनजीपेक्षा महाग. दोन, करारात महिन्याच्या किमान किलोमीटरची अट आहे का ते वाचावं लागतं. समजा किमान दीड हजार असतील आणि मी हजारच चालवली, तर माझं भाडं साडेतीन नाही, सव्वापाच झालं. मी एका शोरूममध्ये हा प्रश्न विचारला. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तेवढी तर होतेच सगळ्यांची.’ करार दाखवा म्हटल्यावर तो बुकिंगनंतर मिळतो असं उत्तर आलं. मी चहा संपवून निघाले.

पाऊस. इथे मेसेज जे सांगतो त्याच्या उलट बरंच काही खरं आहे. या गाड्यांच्या बॅटरीच्या पेट्या साधारणपणे आयपी 67 दर्जाच्या असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिल्या तरी आत पाणी जाऊ नये अशी चाचणी झालेली असते. उच्च दाबाची वायरिंग गाडीच्या पत्र्यापासून अलग असते आणि विजेची गळती जाणवली की रिले, म्हणजे आपोआप उघडणारे स्विच, ती तोडतात. उलट हिंदमाताला किंवा मिलन सबवेत पेट्रोल गाडी बंद पडते ती हवेच्या वाटेने इंजिनात पाणी ओढलं गेल्याने. पाणी दाबलं जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. इलेक्ट्रिक मोटरला श्वास घ्यावा लागत नाही.

पण म्हणून अंधेरी सबवेत घुसू नका. चाचणी स्थिर पाण्यातली असते. गाडीखालच्या गटाराच्या झाकणाची कड बॅटरीच्या पेटीला बसली तर आयपी 67 काय करणार? सीटखालची साधी वायरिंग, कार्पेट आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी कुठल्याही गाडीत भिजते. भरतीच्या वेळचं खारट पाणी तर वेगळंच प्रकरण. तुलना करताना मी म्हणून ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) आणि विम्यातलं बॅटरीचं संरक्षण विचारते. आमचा चार्जिंगचा पॉइंट मात्र वायरमनला कमरेच्या वर लावायला सांगितलाय, कारण आमच्या स्टिल्टमध्ये जुलैत घोट्याएवढं पाणी येतंच.

वॉरंटी संपली की भंगार. बहुतेक कंपन्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर देतात. माझ्या वापराने आठ वर्षांत शहाण्णव हजार होतील. वॉरंटी संपण्याचा दिवस म्हणजे बॅटरी मरण्याचा दिवस नव्हे. तोवर क्षमता ठरावीक टक्क्यांखाली गेली तर कंपनी बघेल, एवढाच त्याचा अर्थ. सव्वातीनशे पळणारी गाडी अडीचशे पळायला लागली तरी मुलुंड-बीकेसी आठवडाभर होतं. आता काही कंपन्या आजन्म वॉरंटी देतात. ती पहिल्या मालकाची असते, गाडी विकली की अटी बदलतात. म्हणजे आजन्म या शब्दाचं मोल, दहा वर्षं तीच गाडी ठेवणाऱ्याला एक आणि चार वर्षांनी विकणाऱ्याला दुसरं.

बॅटरीतलं रसायनही बघावं. नेक्सॉन आणि विंडसरमध्ये लोह-फॉस्फेटची बॅटरी आहे, ती वजनाला जास्त पण जास्त वेळा भरता येते आणि अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरलेली तिला मानवते. कडाक्याच्या थंडीत ती सुस्तावते खरी, पण मुंबईत ती थंडी येणार कुठून. क्रेटात निकेल-मँगनीज-कोबाल्टची आहे, तिला रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवलेलं बरं. ऐंशीवर थांबवायची गाडी असेल तर तिच्या रेंजमधून रोजच्या वापरापुरता पाचवा हिस्सा वजा करा. मेसेजातल्या भागाकारात हेही नव्हतं. वीज कोळशाची असते, हा वादही लोक यात घुसवतात. तो पेट्रोल विरुद्ध विजेचा आहे, दोन इलेक्ट्रिक गाड्यांपैकी कुठली यात त्याने काही फरक पडत नाही, म्हणून सोडते.

हे सगळं मी काकांना एका लांब मेसेजात लिहून पाठवलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि विचारलं, मग कुठली घेतलीस?

अजून कुठलीच नाही. सेक्रेटरींकडे वेगळ्या मीटरच्या संमतीचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय, त्याला वायरमनचं कोटेशन टाचलंय. विषय कमिटीच्या पुढच्या मीटिंगला आहे. शोरूमच्या मुलाचा दर दोन दिवसांनी फोन येतो, ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणतो. त्याला मी मीटिंगची तारीख कळवून ठेवलीय.