आम्ही उत्तरदायी फक्त प्रभूला

पाळकसाहेब, अभिनंदन! तुमची ख्रिस्ती मंडळी वाढते आहे आणि तुमच्या नावाआधीची विशेषणे आता पोस्टरवर मावेनाशी झाली आहेत. नेमक्या अशाच वेळी कोणीतरी वयस्कर विश्वासणारा, बहुधा निवृत्त हिशेबनीस, उपासना संपल्यावर अदबीने विचारतो, "पास्टर, यंदाचा जमाखर्च सभेपुढे ठेवायचा का?" गडबडू नका. डोळे मिटा आणि शांतपणे म्हणा, "मी फक्त प्रभूला उत्तरदायी आहे." हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, त्याला विरोध करणारा नास्तिक ठरतो, आणि प्रभू काही पुढच्या रविवारी हिशेबाची वही मागायला येत नाही.

वडीलमंडळ, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे, मात्र हवेच. नसले तर लोक कुजबुजतात. पत्नी उपाध्यक्ष, मुलगा खजिनदार, मेहुणा सचिव, एवढे पुरे. ठराव एकमताने मंजूर होतील आणि त्याला 'आत्म्याचे ऐक्य' म्हणता येईल. या बाबतीत बायबलमधला प्रेषित पौल फारच अव्यवहारी माणूस. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी पोचवताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. वर करिंथकरांना कळवले, की जे चांगले ते केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही करायचे आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला हा आठवा अध्याय तुम्ही अवश्य शिकवा. त्याच्या सुरुवातीला मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दान दिल्याचे वर्णन आहे. तेवढे वाचा, प्रार्थना करा, पिशवी फिरवा. विसाव्या वचनापर्यंत जाऊ नका.

सरकारलाही फार भिऊ नये. अमेरिकेत 2007 मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी सहा नामवंत टीव्ही-प्रचारकांच्या संस्थांना पत्रे पाठवून विमाने, बंगले, पगार यांचा तपशील मागितला. दोघांनी माहिती दिली, चौघांनी पुरती दिलीच नाही. 2011 मध्ये अहवाल आला. दंड नाही, शिक्षा नाही. त्यामुळे 2018 मध्ये जेसी डुप्लांटिस या प्रचारकांना सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलरच्या जेट विमानासाठी भाविकांना हाक देता आली. येशू आज असता तर गाढवावर बसून फिरला नसता, असे त्यांचे म्हणणे. येशू यरुशलेमात ज्यावर बसून शिरला, ते गाढव उसने होते म्हणा. काम झाल्यावर परत करायच्या बोलीवर आणलेले. मालमत्तेच्या दृष्टीने अगदीच निरुपयोगी उदाहरण.

आता तुमचे मुख्य शस्त्र. "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका," म्हणजे देवाने निवडलेल्यांना, हे बायबलमधल्या 105 व्या स्तोत्रातले वचन फ्रेम करून कार्यालयात लावा. फक्त आजूबाजूची वचने कोणी वाचणार नाहीत याची काळजी घ्या. कारण तिथे गोष्ट आहे ती मूठभर, परक्या, या देशातून त्या देशात भटकणाऱ्या माणसांची, आणि दटावणी आहे ती राजांना. म्हणजे दुबळ्यांच्या रक्षणासाठी लिहिलेले वचन तुम्ही गादीच्या रक्षणाला वापरणार आहात. हे सोपे काम नाही, सरावाने जमते. कोणी बायबलमधल्या दाविदाचा दाखला दिलाच, की त्याने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही, तर "आमेन" म्हणून मोकळे व्हा. त्याच दाविदाने शौलाच्या झग्याचा काठ कापून गुहेबाहेर मोठ्याने जाब विचारला होता, हे आठवण्याआधी गाणे सुरू करायला सांगा. नाथान संदेष्ट्याचा तर विषयच नको. पुढे राजा झालेल्या अभिषिक्त दाविदाच्याच दरबारात जाऊन त्याच्या पापाबद्दल "तो मनुष्य तूच आहेस" म्हणणारा माणूस आजच्या वडीलमंडळात एक बैठकही टिकला नसता.

कधी पकडले गेलातच, तर पश्चात्ताप करा. तो जाहीर, ओला आणि अल्पमुदतीचा असावा. शौल राजाने शमुवेल संदेष्ट्यापुढे नमुना घालून दिला आहे: मी पाप केले आहे, तरी माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. याच वाटेने अमेरिकेतले टीव्ही-प्रचारक जिमी स्वॅगार्ट 1988 मध्ये वेश्येबरोबरचे प्रकरण उघड झाल्यावर टीव्हीवर ढसढसा रडले. त्यांच्या संप्रदायाने वर्षभर व्यासपीठापासून दूर राहायला सांगितले. ते न मानता काही महिन्यांतच ते पुन्हा उपदेशाला उभे. 1991 मध्ये दुसऱ्यांदा प्रकरण झाले, तेव्हा तर अश्रूंचीही गरज उरली नव्हती. हा तुमचा विषयच नाही असे प्रभूने मला सांगितले आहे, असे त्यांनी मंडळीलाच ऐकवले.

एखादी मुलगी किंवा बाई तक्रार घेऊन आली, तर आवाज मऊ ठेवा. दोन-तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरचा आरोप ऐकू नये, हे तीमथ्याच्या पहिल्या पत्रातले वचन काढा. बंद खोलीत घडलेल्या गोष्टीला दोन साक्षीदार कुठून येणार, असे ती विचारील. तिला क्षमेवरचे प्रवचन ऐकवा. पुढच्याच वचनात मंडळीच्या पाप करणाऱ्या वडिलांचा सर्वांसमक्ष निषेध करायला सांगितले आहे; ते छपाईचा दोष समजून सोडून द्या. मग ती कडू झाली आहे, सैतान तिला वापरतो आहे, असे प्रार्थनेच्या विषयांत हळूच घाला. चार आठवड्यांत ती मंडळी सोडते. तिची आई मागच्या बाकावर एकटी बसते आणि तिच्या शेजारी बसायला कोणी धजत नाही. मंडळीची शांतता म्हणतात ती हीच.

अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट संप्रदायाच्या नेत्यांकडून तर शिकण्यासारखे पुष्कळ. अत्याचारी पाळकांची यादी ठेवा, असे पीडित वर्षानुवर्षे विनवत होते. उत्तर ठरलेले: आमच्या मंडळ्या स्वायत्त आहेत, अशी यादी आम्हाला ठेवता येत नाही. मे 2022 मध्ये चौकशीचा अहवाल आला आणि कळले, की यादी होती. कार्यालयातच, गुपचूप ठेवलेली, 700 हून अधिक नावांची.

राहता राहिली चौकशी. ती शक्यतो आपल्या पश्चातच होईल असे पाहा. नामवंत ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस मे 2020 मध्ये वारले तेव्हा जगभरातून श्रद्धांजली वाहिली गेली. हयातीत आरोप झाले, ते त्यांनी नाकारले, आणि त्यांच्याच नावाची संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. पुढे त्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये आला: मसाज करणाऱ्या स्त्रियांचे लैंगिक शोषण, आणि जुन्या फोनमध्ये तरुण स्त्रियांची कितीतरी छायाचित्रे. जगातल्या कठीण प्रश्नांना आयुष्यभर उत्तरे देणारा हा माणूस. त्याला साधा प्रश्न विचारायची हिंमत भोवतालच्यांत नव्हती, म्हणून सगळे सुरळीत चालले. अडले ते फोनपाशी. तेव्हा पाळकसाहेब, जुने मोबाईल साठवून ठेवू नका.