काका, तुमच्या बाबांची एटलस साधी नव्हती

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा जरा झोंबलीच. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. मी मागच्या वेळी "सायकलवाल्यांना पाहिजे पण बाजारात नाही" अशी एक यादी टाकली होती. त्यावर काकांचं म्हणणं असं की यातलं अर्धं सामान ऑनलाइन मिळतं, मी शोधायचा आळस केलाय. मडगार्ड मिळत नाही असं लिहिणं म्हणजे तर हद्द झाली. आणि त्यांचे बाबा वीस वर्षं इंदुरात रामबागेतून हुकुमचंद मिलमध्ये साध्या एटलस सायकलवर गेले, त्यांना कधी कसल्या ॲक्सेसरीज लागल्या नाहीत, आमच्या पिढीला चालवायची कमी आणि सजवायची हौस जास्त.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथेच माझं तुमच्याशी भांडण आहे.

काका, ती एटलस साधी कुठे होती हो? आमच्या घरीही तसलीच काळी होती, आजोबांची, त्यामुळे डोळ्यासमोर आहे. पत्र्याची मोठी मडगार्डं दोन्ही चाकांना, मागच्याला खाली रबराचा पडदा. चेनवर पूर्ण कव्हर, पायजमा अडकायचा प्रश्नच नाही. मागे लोखंडी कॅरियर, त्याला स्प्रिंगचा चाप, डबा दाबला की घरापर्यंत हलत नाही. खाली डबल स्टँड, सायकल उभी करून त्यावर पोरगं बसवलं तरी पडत नाही. चाकाला घासून चालणारा सहा व्होल्टचा डायनॅमो, पुढे दिवा. सीटखाली मोठाल्या स्प्रिंगा, हँडलवर घंटी, मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं कुलूप. म्हणजे आज मी यादीत जे मागतोय त्यातलं पुष्कळसं तुमच्या बाबांच्या सायकलवर होतंच. त्यांना ॲक्सेसरीज लागल्या नाहीत कारण सगळं अंगावर लागूनच आलं होतं. आमची गिअरवाली सायकल शोरूममधून येते ती उघडीबोडकी, मडगार्ड वेगळं घ्या, स्टँड वेगळा घ्या, कॅरियर लावायला तर कित्येक फ्रेमना भोकंच नसतात, आणि मग आम्ही एकेक गोष्ट विकत घेत बसलो की तुम्ही म्हणता सजवताय!

(जाता जाता, एटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. नशीब बघा.)

चेनकव्हरचं तुम्ही लिहिलंय की "पाच मिनिटांत बसेल". नाही बसत काका. गिअरच्या सायकलची चेन एका जागी राहत नाही, मागे एका चकतीवरून दुसरीवर आडवी सरकते आणि खाली तिला सरकवणारा डिरेलर लोंबकळत असतो, त्याला पूर्ण डबीत कसं बंद करणार. मागच्या चाकाच्या मधल्या हबच्या आत गिअर असले की जमतं, हॉलंडमध्ये तशा सायकली रस्तोरस्ती असतात, आपल्याकडे क्वचितच दिसतात. तोपर्यंत मी आपला पँटला रबरबँड लावून ऑफिसला जातोय.

आता मडगार्ड. इथे चूक माझी आहे, आधीच कबूल करतो. "मडगार्ड मिळत नाही" असं नको होतं लिहायला, मिळतात, ढिगानं मिळतात. मला म्हणायचं होतं की आपल्या मातीला चालणारं मिळत नाही, आणि हे मला मागच्या जुलैत कळलं. खंडवा रोडनं सिमरोलच्या अलीकडे एक कच्चा रस्ता आत जातो, आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, वरून वाळल्यासारखं दिसत होतं म्हणून घातली सायकल. शंभर पावलांत चाक जड, दोनशे पावलांत बंद. ही माळव्याची काळी माती, पाणी पिऊन फुगते आणि मग टायरला थरावर थर चढत जाते. टायर आणि मडगार्डच्या मधे जेमतेम बोटभर जागा, त्यात ती अशी ठासून भरली की चाक फिरेना, मी ओढायला गेलो तर प्लास्टिकचं मडगार्ड चिमट्यापाशी कडकन मोडलं. शेवटी बाभळीच्या काटकीनं माती उकरत उकरत, अर्धा वेळ सायकल खांद्यावर घेऊन बाहेर आलो. बांधावर एक शेतकरी बसला होता तो म्हणतो, "भिया, इसमें तो बैलगाड़ी फँस जाती है, तुम ये खिलौना लेके आ गए!" आणि मग त्यानंच शिकवलं की चाकोरीतून जायचंच नाही, कडेच्या गवतावरून जायचं, गवत टायर पुसून काढतं.

तर मला पाहिजे ते मडगार्ड असं: डांबरी रस्त्यावर चाकाला चिकटून राहील, आणि चिखल आला की खटका दाबून दोन-अडीच इंच वर उचलता येईल, खाली न उतरता जमलं तर फारच छान. तुम्ही ज्याची लिंक दिलीत ते सीटच्या दांड्याला लावायचं शेपटीसारखं असतं, माझ्याकडे आहे. ते पाठ वाचवतं, पण पुढच्या चाकाचं पाणी सगळं बुटात आणि पेडलच्या बेअरिंगवर येतं, त्याला त्याचा काही इलाज नाही.

बाटलीवरही तुम्ही हसलात, "थर्मास घ्या की". घेतलेला आहे. स्टीलचा जड, आणि मुख्य म्हणजे चालवता चालवता दाबून पिता येत नाही, झाकण फिरवायला थांबावं लागतं. मे महिन्यात ४२-४३ अंशांत महूच्या पुढे जानापावला निघालं की साध्या बाटलीतलं पाणी तासाभरात चहासारखं होतं, आणि गरम पाणी माणूस पीत नाही, तहान असली तरी पीत नाही, मग चक्कर. तुम्हाला छागल आठवत असेल ना? जीपला, ट्रकला, रेल्वेच्या खिडकीला बाहेर लटकवायचे ती कॅनव्हासची पिशवी, झिरपत राहायची आणि आत पाणी गारेगार. माझं डोकं तिथेच गेलं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे बाटलीवरच्या ओल्या कपड्यातून २० ग्रॅम उडालं तर ७५० मिलीच्या बाटलीतलं पाणी कागदावर १५ अंशांनी उतरायला पाहिजे. उन्हात एवढं उतरत नाही, वरून ऊन तापवतच असतं, पण पिण्यालायक राहतं एवढं नक्की. मी पोराचा शाळेचा जुना सुती मोजा बाटलीवर चढवतो आणि अधूनमधून ओला करतो. अडचण एवढीच की मोजा घसरतो आणि मोज्यासकट बाटली फ्रेमवरच्या बॉटलकेजमध्ये अडकून बसते. टेलरकडे माप घेऊन गेलो तर तो म्हणाला, बाटलीचं ब्लाउज शिवायचं का साहेब? शिवलं त्यानं, बरं शिवलं, पण त्याच्या मापाचा थोडा रुंद बॉटलकेज मला कुठे मिळत नाहीये. पावसाळ्यात हे सगळं बेकार, हवा दमट असली की पाणी उडतच नाही, पण तेव्हा गरजही नसते.

बाकी मुद्दे पटापट. रडारचं तुमचं बरोबर, मागची गाडी १४० मीटरवरून ओळखणारा गार्मिनचा व्हेरिया मिळतो, यादीतून काढला. पहाटे बायपासवर तो कामाचाही आहे. जवाहर मार्गावर काय करणार, तिथे मागे कायम कोणीतरी असतंच, त्यात यंत्राचा दोष नाही. पेट्रोल पंपावर प्रेस्टा वाल्वमध्ये (गिअरवाल्या सायकलींच्या ट्यूबला असतो तो बारीक वाल्व) हवा भरायचा पितळी ॲडाप्टर मिळतो हेही खरं, मी तीन घेतले आणि तीनही हरवले, तेव्हा माझी मागणी सुधारून लिहितो: वाल्वलाच साखळीनं बांधलेला ॲडाप्टर पाहिजे. स्टँडबद्दल मात्र मी मागे हटत नाही, ॲल्युमिनियमच्या पातळ नळीवर क्लॅम्पचा स्टँड घट्ट आवळला की नळी चेपते, माझी चेपलीये.

आता तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही लिहिलंय की बाबांची एटलस अजून वाड्यात जिन्याखाली उभी आहे. जरा खाली जाऊन पुढच्या चाकाचा टायर आणि मडगार्ड यांच्या मधे बोटं घालून बघाल का? दोन जातात का तीन, तेवढं कळवा. टायरात हवा असेल तर बरं, नसेल तर भरून बघा.