महिन्याचे भाडे नको, घोड्याला चिलखत घ्या

ऑनलाइन खेळासाठी दरमहा ठरावीक वर्गणी भरावी, की खेळात फुकट शिरून आतल्या वस्तू सुट्या सुट्या विकत घ्याव्यात, असा प्रश्न आपल्याला पडला असेल, तर आपण योग्य माणसाकडे आला आहात. दोन्ही मार्गांनी पैसे घालवून झाल्यावर माझ्याकडे सल्ल्याखेरीज देण्यासारखे काही उरलेले नाही.

सर्वप्रथम, वर्गणीच्या नादी लागू नका. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ साली आला तेव्हा त्याची अमेरिकेतली मासिक वर्गणी १४.९९ डॉलर होती आणि इतक्या वर्षांनंतरही ती तेवढीच आहे. ज्या मालाचा भाव दोन दशके हलत नाही, त्यात काही दम असेल असे आपल्याला खरोखर वाटते का? २०१० मध्ये या खेळाचे १ कोटी २० लाखांहून अधिक वर्गणीदार असल्याचे कंपनीने जाहीर केले होते, आणि त्या बिचाऱ्यांची अवस्था पाहा: एकदा वर्गणी भरली की बड्या कमाईचा सर्जन आणि वसतिगृहातला विद्यार्थी एकाच राक्षसापुढे खांद्याला खांदा लावून उभे, आणि चांगली तलवार हवी असेल तर दोघांनीही सारख्याच रात्री जागवायच्या. पैशाला इतकीही किंमत राहिली नाही, तर माणसाने कमवायचे कशासाठी? शिवाय खेळ कंटाळवाणा झाला तर गिऱ्हाईक पुढच्या महिन्यापासून वर्गणी थांबवील, हा घोर कंपनीच्या जिवाला कायमचा लागलेला. दुसऱ्याला असे टांगणीला लावणे सज्जनांना शोभत नाही.

वर्गणीचे एक दुखणे मात्र मी खरोखरच सोसले आहे. मेसच्या काकू निदान खाडे धरत असत. खेळाच्या सर्व्हरला खाडा ही कल्पनाच ठाऊक नसते. महिनाभर फिरकलो नाही तरी कार्डावरून पैसे जात, आणि मग डोळ्यांवर झोप असतानाही ते वसूल करण्यासाठी मी जंगलात रानडुकरे मारत बसत असे.

तेव्हा सुट्या खरेदीकडे वळू या. २००६ साली एका कंपनीने आपल्या खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले, किंमत अडीच डॉलर, आणि जगभरचे खेळाडू पोट धरून हसले. हसण्याचा काळ फार टिकला नाही. चारच वर्षांनी, २०१० च्या एप्रिलमध्ये, उपरोक्त वर्गणीवाल्या खेळानेच एक चमचमता उडता घोडा २५ डॉलरना विक्रीस ठेवला, म्हणजे दीड महिन्याच्या वर्गणीहून अधिक भावाने, आणि तो घेण्यासाठी दुकानाच्या दारात ऑनलाइन रांग लागली. घोडा इतर घोड्यांहून वेगाने पळत नव्हता. वर्गणी भरूनही सुटी खरेदी करता येते, हा शोध त्या दिवशी पक्का झाला.

खरेदी करताना एक पथ्य पाळा: रुपयांत हिशेब करू नका. आपली सोय व्हावी म्हणूनच खेळात हिरे, नाणी, रत्ने अशी वेगळी चलने ठेवलेली असतात. ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या सुरुवातीच्या काळात त्यातल्या १००० ‘व्ही-बक्स’ नाण्यांची पुडी ९.९९ डॉलरना मिळे आणि मोसमाचा ‘बॅटल पास’, म्हणजे मोसमभर खेळून बक्षिसे मिळवण्याचा परवाना, ९५० ला असे. उरलेल्या ५० मध्ये काही येत नसे, पण ते टाकवतही नसत. या हिशेबामागचे डोके ज्याचे असेल, त्याला माझा दंडवत.

वस्तूचा उपयोग काय, असेही कधी विचारू नका. गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या मोबाइलवरून बंदुकीसाठी एक ‘स्किन’, म्हणजे वरचा साज, घेतली. ज्वाळा ओकणारा ड्रॅगन होता. मी विचारले, “याने नेम सुधारतो का रे?”

“नाही मामा, ती नुसती दिसते.”

“कोणाला?”

“मी ज्याला मारतो ना, त्याला. मेल्यावर.”

मेलेल्या शत्रूच्या नेत्रसुखासाठी पदरमोड करण्याइतके औदार्य आमच्या घराण्यात यापूर्वी कोणी दाखवलेले नव्हते.

ज्यांना प्रतीक्षेचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी प्रतीक्षेवरचा उताराही विकत मिळतो. बुरूज बांधायला चार दिवस लागतील असे खेळ सांगतो आणि शेजारीच, हिरे दिल्यास तो आत्ता बांधून मिळेल, असेही सांगतो. ते चार दिवस कोणी ठरवले, असा आडमुठा प्रश्न काही जण विचारतात. खाटेत ढेकूण सोडणाऱ्यानेच ढेकणांचे औषध विकायला बसावे, यात मला तर गिऱ्हाइकाची सोयच दिसते. औषधासाठी लांब जावे लागत नाही.

आणखी धीट असाल, तर बंद पेट्या घ्या. आत काय आहे ते पैसे दिल्यावर कळते. दक्षिण कोरियातल्या ‘मेपलस्टोरी’ या खेळात वस्तूंचे गुण बदलणारे ‘क्यूब’ विकले जात, आणि त्यांतून काही हव्याहव्याशा जोड्या निघण्याची शक्यता कंपनीने गुपचूप शून्यावर आणून ठेवली होती. लोक क्यूब घेतच राहिले. शून्य शक्यतेवर इतका विश्वास आपल्याकडे फक्त भक्तिमार्गात आढळतो. तिथल्या व्यापार आयोगाला ही श्रद्धा पाहवली नाही आणि २०२४ च्या जानेवारीत त्याने खेळाच्या मालक नेक्सन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड ठोठावला. बेल्जियमने तर २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवून टाकले होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘फोर्टनाइट’च्या कंपनीला ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर मोजायला लावले. आयोगाची तक्रार अशी की, झोपलेला खेळ जागा करण्यासाठी बटण दाबले तरी खरेदी होऊन जात असे. इतकी तत्पर सेवा देऊनही हे फळ! अशा सरकारी लुडबुडीने खचून न जाता आपण आपले कार्ड मोबाइलला जोडलेलेच ठेवा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला पासवर्ड सांगून ठेवा, म्हणजे ते आपली झोपमोड करणार नाही.

मी स्वतः आता वर्गणीच्या फंदात पडत नाही. माझ्या खात्यात या क्षणी ४० हिरे शिल्लक आहेत. दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे ६० हिऱ्यांची लाल टोपी, आणि हिऱ्यांची सर्वांत लहान पुडी १०० ची आहे. पुडी घेऊन एक टोपी घेतली तर ८० हिरे अडकून पडतात, म्हणून दोन टोप्या घ्याव्यात असे ठरवले आहे. मग फक्त २० उरतील.