खाली किराणा, वर आम्ही

फ्लॅट विकताना बिल्डर म्हणाला होता, "भाऊ, खाली दुकानं, वर घर. साखर संपली की लिफ्टनं उतरा, चहाला आधण येईपर्यंत परत." साखर खाली मिळते, हे खरं. लाइन गेली की आम्ही जिना चढेपर्यंत आधण आटून जातं, ते वेगळं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात ही अशी पहिलीच इमारत. तळमजल्यावर किराण्याचा मोठा मार्ट. तिथं सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीलासुद्धा बारकोड. मागं खांबांच्या मधात पार्किंग, आमचं आणि गिऱ्हाइकांचं सामायिक. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत मोटारीला २.५ बाय ५ मीटर आणि स्कूटरला १ बाय २ मीटर जागा सांगितली आहे. त्या मापाचे पांढरे पट्टेही मारले. पण आमच्याकडं किराण्याला ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीसकट. ट्रॉलीत डीएपी खताची पोती, पोत्यांवर आजी, आजीच्या मांडीवर नातू. एवढ्या मंडळींना कोणत्या पट्ट्यात बसवायचं, ते नियमावलीत नाही.

बरं, सगळे किराणाच घ्यायला येतात असंही नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बाजारात गाडीला सावली मिळते ती फक्त आमच्याच पोटाखाली. त्यामुळं तहसीलमध्ये सातबाऱ्याला आलेला, बँकेत पीककर्जाला आलेला, आणि ज्याला कुठंच जायचं नाही तोसुद्धा, गाडी इथंच लावतो. माझी स्कूटर त्यांच्यामागं कोंडलेली. मी विचारलं, तर डोक्याचा दुपट्टा सोडत एक जण म्हणाला, "पाच मिन्टात येतो ना भाऊ! उन्हात सीट तापते, बसता येत नाही बाप्पा." वैदर्भीय पाच मिनिटांत माणूस तहसील करतो, जेवतो, आणि साडूच्या घरी जाऊन चहाही पिऊन येतो.

मग मार्टचा पोरगा माइकवर पुकारतो, "एमएच २९ वाली पांढरी गाडी काढा!" इथं बहुतेक गाड्या एमएच २९ आणि त्यातल्या निम्म्या पांढऱ्या. कोणी हलत नाही. एकदा तर सगळेच हलले, आणि फाटकात अशी गाठ बसली की मी पायी ऑफिसला गेलो.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशीचं विचारूच नका. सोळा भाज्या, आंबिलीची ज्वारी, पुरणाची डाळ! अख्खा तालुका खाली आणि आमच्या घरची पाहुणी मंडळी रस्त्यावर, ताटकळत.

भांडता तरी कुठं येतं? आवाज चढवावा तर समोरचा दुपट्टा काढतो आणि बायकोचा मावसभाऊ निघतो. शेवटी सोसायटीनं साखळी लावली आणि किल्ली चौकीदाराकडं ठेवली. चौकीदार दुपारी जेवायला घरी जातो, किल्ली खिशात घेऊन.

परवा साखळी उघडी दिसली म्हणून घाईघाईनं स्कूटर आत घातली. मागून ट्रॅक्टरवाला खाली उतरला.

"भाऊ, किराणा घेता काय?"

"नाही, मी इथंच राहतो."

"मंग बाहेर लावा ना जी. गिऱ्हाइकाले जागा नको काय?"