पावागडचा खडक आणि गंगोत्रीचा बर्फ

बडोद्यातल्या आपल्या मराठी गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय: "पावागडला 1986 साली उडनखटोला (रोपवे) झाला, मग गंगोत्री हिमनदीवर स्की लिफ्ट का नको? बर्फ दगडाइतकाच घट्ट असतो. स्वित्झर्लंडने बर्फात खांब रोवले, गुलमर्गलाही झालं. आपल्याकडे इच्छाशक्तीच नाही." पाठवणाऱ्यांची तळमळ मला समजते, पण यातली विधानं टिकत नाहीत.

बर्फ दगडाइतका घट्ट? हातोडा मारून पाहिला तर तसं वाटेल. पण हिमनदीचा बर्फ स्वतःच्याच वजनाने सतत वाहत असतो. मधला भाग कडेपेक्षा वेगाने, पृष्ठभाग तळापेक्षा वेगाने. म्हणजे ओळीने उभे केलेले खांब एकसारखे सरकत नाहीत, ओळच वाकडी होते. पोलादी दोर मात्र खांबांवरच्या चाकांतून सरळ रेषेत जावा लागतो. एक खांब बाजूला गेला की दोर चाकांवरून उतरण्याची भीती. त्यात उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळून पाया उघडा पडतो, तापलेलं पोलाद भोवतालचा बर्फ आणखी वितळवतं आणि खांब कलतो. पावागडचे खांब ज्वालामुखीच्या खडकात आहेत. तिथे हा प्रश्नच येत नाही.

"मग पाया खडकापर्यंत न्या," असंही कोणी लिहिलंय. आल्प्समधल्या आलेच हिमनदीत काही ठिकाणी बर्फ सुमारे 800 मीटर जाड आहे. तेवढं खोल गेलात तरी वाहता बर्फ त्या खांबाला कडेने ढकलत राहणारच.

स्वित्झर्लंडचं उदाहरण तर उलटच सांगतं. क्लाइन मॅटरहॉर्न या 3883 मीटर उंच शिखराजवळचं केबलवेचं स्टेशन खडकात आहे. फ्रान्स-इटली सीमेवरच्या व्हाले ब्लांश केबलवेत हिमनदीवर खांब उभारण्याऐवजी डोंगरांमध्ये ताणलेल्या दोरांवर एक आधार चक्क अधांतरी टांगला आहे. मला ही युक्ती फार आवडते: बर्फाशी झगडायचंच नाही. प्रत्यक्ष बर्फावर असतात त्या बहुतेक ओढलिफ्ट, ज्यात माणूस आपल्या स्कीवर उभा राहून वर ओढला जातो. भार कमी, खांब बुटके आणि हलवता येतील असे. त्यांची जागा पुन्हा पुन्हा मोजून ते सरळ करावे लागतात. एकदा बांधून विसरण्याचं हे काम नव्हे.

गुलमर्गचं थोडक्यात सांगतो: तिथल्या अफरवट शिखरावर हिवाळी बर्फ पडतो, पण गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) उभा आहे तो डोंगरावर, हिमनदीवर नाही.

आणि इच्छाशक्ती? जोशीमठ–औली रोपवे आपणच बांधला. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, तेव्हा तो बंद करावा लागला. तिथे पायाखाली हिमनदी नव्हती, नुसता उतार सरकत होता. गंगोत्रीवर लिफ्ट मागणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं: दर वर्षी ते खांब मोजायचे, हलवायचे कोणी, आणि त्या उंचीवर तोवर लोकांना लिफ्टमध्ये बसवायचं कोणाच्या हमीवर?