आपल्या परीक्षणास उत्तर: आमचा वारसा, आमचे लाकूड आणि आमचे दावे

सप्रेम नमस्कार.

आमच्या कारखान्यातून आपण घेतलेले सागवानी टेबल आणि कपाट यांविषयी आपण लिहिलेले परीक्षण आम्ही लक्षपूर्वक वाचले. दोन तारे देताना आपण घेतलेल्या आक्षेपांचा सारांश असा: 'तीन पिढ्यांचा वारसा' ही जाहिरातीची सजावट आहे, झाडे तोडूनच चालणाऱ्या धंद्याने पर्यावरणाच्या गोष्टी सांगू नयेत, आणि सांगायच्याच तर प्रमाणपत्राचा शिक्का दाखवावा किंवा जुनेच लाकूड वापरावे, कपाटाची पाठ प्लायवुडची निघाली, 'नैसर्गिक' तेलाचा वास कित्येक आठवडे गेला नाही, आणि टेबलाच्या टोकांच्या पट्ट्या काही महिन्यांतच बाहेर आल्या. हे परीक्षण इतर ग्राहकही वाचत असल्याने उत्तर खासगी पत्राने न देता येथेच देत आहोत.

आधी शिक्क्याविषयी. जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांच्या लाकडाला शिक्का देणाऱ्या, 1993 साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे एफएससीच्या, व्यवस्थेत जंगलाचे प्रमाणीकरण वेगळे आणि जंगलापासून पक्क्या मालापर्यंतच्या साखळीचे प्रमाणीकरण वेगळे असते. झाड प्रमाणित लागवडीतले असले आणि ते कापणारी गिरणीही प्रमाणित असली, तरी त्या लाकडाचे टेबल करणारा कारखाना स्वतः साखळीत नोंदलेला नसेल, तर त्याला आपल्या टेबलावर तो शिक्का लावता येत नाही. आम्ही साग अशा लागवडीतूनच घेतो, परंतु आमच्या कारखान्याचे स्वतंत्र साखळी-प्रमाणपत्र नाही. त्यासाठी लागणारी वार्षिक तपासणी, तिचे शुल्क आणि प्रमाणित व अप्रमाणित मालाचा निरनिराळा हिशेब हा भार आमच्या आकाराच्या कारखान्याने उचलावा की तोच पैसा लाकूड नीट सुकवण्यावर खर्च करावा, या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर दुसऱ्या बाजूने दिले आहे. आपले मत वेगळे असू शकते आणि ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ज्याचा शिक्का आमच्याकडे नाही तो असल्याचा आभास आमच्या माहितीपत्रकात कुठेही नाही. आपल्या टेबलासाठी वापरलेल्या लाकडाचे खरेदी-बिल आमच्याकडे आहे. त्यावर पुरवठादाराचा प्रमाणपत्र क्रमांक असतो आणि तो एफएससीच्या सार्वजनिक नोंदींत कोणालाही तपासता येतो. आमच्या मते ग्राहकाने शिक्क्यापेक्षा हा कागद मागावा. फार थोडे लोक तो मागतात.

झाडे तोडल्याशिवाय लाकडी फर्निचर होत नाही, हे आपले म्हणणे निर्विवाद आहे. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन कार्बनचे असते. म्हणजे 60 किलोच्या कपाटात साधारण 30 किलो कार्बन, किंवा हवेतून घेतलेल्या सुमारे 110 किलो कार्बन डायऑक्साइडइतका ऐवज, ते कपाट टिकेपर्यंत अडकून राहतो. हा आकडा पत्रकावर छापण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला आणि आम्ही तो मानला नाही. कारण त्या हिशेबात तोडलेल्या झाडाची मागे राहिलेली मुळे व फांद्या, वाहतूक आणि विशेषतः भट्टीत लाकूड सुकवण्याची ऊर्जा धरलेली नसते. ओंडक्यापासून फळी तयार होईपर्यंत सर्वाधिक ऊर्जा बहुधा सुकवण्यातच जाते. म्हणून आम्ही फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्यांची थप्पी आधी सावलीत हवेवर ठेवतो आणि उरलेला ओलावा काढण्यापुरतीच भट्टी वापरतो. यात भांडवल दीर्घकाळ अडकते, पण इंधन वाचते. त्या भट्टीत आमचाच अस्सल लाकडाचा भुसा आणि छिलके जळतात; प्लायवुडचे तुकडे त्यात टाकले जात नाहीत, कारण त्यांत रेझिनचा गोंद असतो.

जुने लाकूड आम्ही वापरतो, पण केवळ त्यावर कारखाना चालवत नाही. जुन्या तुळया-दारांत खोलवर गेलेले खिळे असतात आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. तो रंग घासला की शिशाची धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते. लाकडाची साधी धूळसुद्धा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेली आहे. जुने लाकूड आणा म्हणणाऱ्याने ते कोण, कसे घासणार, हेही पाहिले पाहिजे. रंग नसलेले, तपासून घेतलेले जुने लाकूड मिळते तेव्हा आम्ही ते आनंदाने घेतो.

आता वारशाविषयी. हा कारखाना आजोबांनी सुरू केला, वडिलांनी वाढवला आणि आज आम्ही भावंडे तो चालवतो, एवढीच वस्तुस्थिती त्या तीन शब्दांत आहे. पूर्वीचे सारे निर्मळ होते असा दावा त्यांत नाही. आजोबांच्या काळी लाकूड नैसर्गिक जंगलातल्या जुन्या झाडांचे येई, ते कुठून आले हे कोणी विचारत नसे आणि एका रुंद फळीत टेबलाचा पृष्ठभाग होत असे. आज आपल्या टेबलावर अरुंद फळ्या जोडलेल्या दिसतात, याचे कारण लागवडीतली झाडे कमी वयात तोडली जातात. त्यांच्यात गाभ्याचे टिकाऊ लाकूड कमी आणि बाहेरचे फिकट, किडीला लवकर बळी पडणारे लाकूड जास्त असते, म्हणून गाभ्याच्या पट्ट्या वेगळ्या काढून जोडाव्या लागतात. शिसवी लाकडाचेही तसेच. एकेकाळी ते आमच्या घराण्याची ओळख होते. 2017 च्या जानेवारीपासून त्याचा संपूर्ण डालबर्जिया वंश साइट्स कराराखाली, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, आला असून बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत. दुसरे परिशिष्ट ही बंदी नाही, तेथे परवान्यानिशी आंतरराष्ट्रीय व्यापार चालतो. तरीही आम्ही नवे शिसवी काम घेणे थांबवले आहे आणि जुन्याची दुरुस्ती तेवढी करतो.

आजोबांकडून जसेच्या तसे आले ते तंत्र सांध्यांचे आहे. खुर्च्यांचे कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी टोके, आम्ही अजूनही सरसाने बसवतो. ओलसर उष्णता दिली की सरस सुटतो, त्यामुळे पन्नास वर्षांनी सैल झालेली खुर्ची न मोडता उलगडून पुन्हा बसवता येते. आधुनिक पांढरा गोंद मजबूत असतो, पण असा सहज सोडत नाही. (सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो, हे आम्ही मागणी घेतानाच सांगतो आणि ज्यांना तो नको असेल त्यांच्यासाठी दुसरा गोंद वापरतो.) आमच्या पर्यावरणविषयक दाव्याचा गाभा विचाराल तर तो इतकाच आहे की आमची वस्तू दुरुस्त करता येते आणि ती आम्ही दुरुस्त करून देतो.

प्लायवुडच्या पाठीचा उल्लेख आपण 'फसवणूक' या शब्दाने केला आहे; तो शब्द आम्हाला मान्य नाही. आपण सही केलेल्या मागणीपत्रात 'चौकट, दारे व खण सागवानी, पाठ 6 मिलिमीटर प्लायवुड' असे स्पष्ट लिहिले आहे. पाठीला प्लायवुड घेण्यामागे तांत्रिक कारण आहे: त्यातील थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते रुंदीत फारसे हलत नाही आणि कपाटाची चौकट काटकोनात धरून ठेवते. गोंदाची शंका मात्र रास्त आहे, कारण स्वस्त फळ्यांतील युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड हवेत सुटत राहते आणि 2004 पासून तेही वर सांगितलेल्या पहिल्या गटात आहे. आम्ही फिनॉलिक रेझिनचे प्लायवुड घेतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड फारच कमी सुटते आणि ओलाव्यातही ते सुटे होत नाही.

वास जवसाच्या तेलाचा होता. हे तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते आणि त्या क्रियेत अल्डिहाइडे नावाची वास असलेली रसायने बाहेर पडतात. वस्तू नैसर्गिक असली म्हणजे तिला वास नसतो, असे नाही. खोली बंद असेल तर हे काम आठवड्यांवर जाते. कपाटाच्या व खणांच्या आतल्या बाजूला आम्ही मुद्दाम तेल न लावता लाखेचे पॉलिश देतो, कारण तिथे हवा खेळत नाही.

राहिला टेबलाचा प्रश्न. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असताना लाकडातला ओलावा सुमारे 9 टक्क्यांवर स्थिरावतो आणि 30 टक्के असताना सुमारे 6 टक्क्यांवर येतो. एवढ्या फरकाने 90 सेंटिमीटर रुंदीचा सागवानी पृष्ठभाग, फळ्या ओंडक्यातून कशा कापल्या आहेत त्यानुसार, 2 ते 5 मिलिमीटर अरुंद होतो. टोकांच्या आडव्या पट्ट्यांचे तंतू त्याच्या काटकोनात असल्याने त्या आहेत तेवढ्याच राहतात आणि कडेला किंचित बाहेर दिसतात. आपण पाठवलेल्या छायाचित्रात नेमके हेच दिसते. फळीला भेग नाही. ही हालचाल होऊ देण्यासाठीच त्या पट्ट्या फक्त मध्यभागी पक्क्या बसवलेल्या असून कडेचे खुंट लांबट भोकांत मोकळे ठेवलेले आहेत. दोन्ही टोकांना घट्ट चिकटवल्या असत्या, तर पृष्ठभाग उभा फाटला असता.

आपली इच्छा असल्यास आमचा कारागीर ओलावा मोजण्याचे यंत्र घेऊन येईल, खोलीतील आर्द्रताही पाहील आणि दोन्ही आकडे आपल्याला लिहून देईल. त्याचे शुल्क घेतले जाणार नाही. लाकूड 6 टक्क्यांच्याही बरेच खाली गेलेले आढळले, तर टेबल वातानुकूलन यंत्राच्या किंवा हीटरच्या थेट झोतातून हलवावे लागेल. पट्ट्यांचे बाहेर आलेले टोक तासून देण्याची आपली मागणीही आम्ही पूर्ण करू, पण ते काम हवा दमट झाल्यावर, पृष्ठभाग पुन्हा फुगल्यानंतर करावे, असा आमचा आग्रह आहे. आत्ताच तासले तर त्या वेळी पट्ट्या आखूड पडतील आणि कमी झालेले लाकूड परत जोडता येणार नाही.