आधी काढलेला पार्ट दाखवा, मग बिल

गाडीचा बंपर दबलाय म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा. ॲडव्हायझर गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मॅडम, क्लेम करायचाय की कॅश?" एस्टिमेट त्यानंतर निघतं.

या प्रश्नाची मला खरोखर चीड येते. पत्रा तोच, रंग तोच, काम करणारे हात तेच. मग पैसे माझ्या खिशातून जाणार की विमा कंपनीच्या, यावरून आकडा का बदलावा? क्लेम म्हटलं की अख्खा दरवाजा बदलायला निघतो, कॅश म्हटलं की तोच दरवाजा डेंटिंग-पेंटिंगमध्ये बसतो. आणि क्लेम म्हणजे फुकट, हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढणारा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, एका क्लेममध्ये शून्यावर येतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो, तो आपणच भरतो. पाच-सहा हजारांच्या कामासाठी क्लेम टाकायला लावणारा माणूस तुमचं भलं करत नसतो.

डीलरकडे महाग असतं हे सगळ्यांना माहीत आहे, ते सांगायला एवढी मोठी पोस्ट लिहायची गरज नव्हती. मोक्याची जागा, एसी लाउंज, कॉफी मशीन, या सगळ्याचा खर्च कुठून तरी निघणार. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला फारसं सुटत नाही, त्याची खरी कमाई वर्कशॉपमध्ये आहे, हेही समजू शकते. महाग वस्तू घ्यायची की नाही हे माणूस ठरवू शकतो. माझं म्हणणं आहे की इथे ठरवायची संधीच आपल्याला दिली जात नाही. काय खराब झालंय, त्यातलं किती बदलायला हवं, तोच पार्ट बाहेर मिळतो का, यातलं काहीही आपल्याला कळू द्यायचं नाही, यावर हा सगळा धंदा उभा आहे.

माझ्याच गाडीचं सांगते. स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून खडखड आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं २६,८०० रुपयांचं. दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे लोखंडी दांडे), दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, वरची माउंटिंग, लिंक रॉड, लेबर, अलाइनमेंट. मी विचारलं, आवाज नक्की कशातून येतोय? उत्तर आलं, "मॅडम, सस्पेन्शनचा पूर्ण सेट करून घ्या, टेन्शन नको." टेन्शन कशाचं हे त्याने सांगितलं नाही. गाडी लिफ्टवर चढवून मला खालून दाखवा म्हटलं, तर ग्राहकांना आत जायला परवानगी नाही.

गाडी घेऊन मी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी चाक काढलं, जॅकवर गाडी तशीच ठेवून लिंक रॉड हाताने हलवला. बॉल जॉइंट सैल झाला होता, टकटक वाजत होता. मग लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी गुटक्यात, टॉमी (लोखंडी कांब) घालून दाबून दाखवली. रबर पार फाटून आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं होतं. "ताई, आर्मला काय झालंय? लोखंड आहे ते. रबर गेलंय, रबर बदला." शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ आहे का तेही बोट फिरवून दाखवलं. नव्हता. आर्म उतरवून त्यांनी शेजारच्या दुकानातल्या प्रेसवर जुने बुश दाबून काढले, नवे बसवले. दोन लिंक रॉड, दोन बुश, मजुरी आणि अलाइनमेंट धरून ३,४०० रुपये झाले. काढलेले सगळे तुकडे एका पिशवीत घालून त्यांनी माझ्या डिकीत ठेवले, मी न मागता.

सर्व्हिस सेंटरचा माणूस खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे बुश सुटा येतच नाही. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये तो बऱ्याचदा आर्मसकटच असतो. त्याला काम शिकवलंय तेच मुळी काढा आणि नवीन लावा, असं. अल्टरनेटरचा कार्बन ब्रश झिजला, अल्टरनेटर बदला. हेडलाइटचा एक क्लिप तुटला, हेडलाइट बदला. वाइंडिंग, बेअरिंग, ब्रश बदलून हेच अल्टरनेटर चालू करून देणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात स्टँडजवळ सापडतात. ती विद्या सर्व्हिस सेंटरच्या भिंतीआड शिरूच शकत नाही.

आणि रेग्युलर सर्व्हिसचं बिल तर बघाच. ऑइल, फिल्टर, वॉशिंग याखाली बारीक अक्षरात इंजिन डीकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी इव्हॅपोरेटर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर ट्रीटमेंट, उंदीर येऊ नयेत म्हणून स्प्रे. गाडीसोबत मिळालेल्या ओनर्स मॅन्युअलमध्ये किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता असतो. ते पुस्तक ग्लोव्हबॉक्समधून काढा आणि बिल शेजारी ठेवून वाचा. यातल्या बहुतेक गोष्टी त्या तक्त्यात नसतात. पोरांना महिन्याचं टार्गेट असतं म्हणून त्या विकल्या जातात, आणि "वॉरंटीला प्रॉब्लेम येऊ शकतो" एवढं हळूच म्हटलं की आपण सही करतो.

या वॉरंटीच्या धाकाबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण यावर आपल्या देशात निकाल लागलेला आहे आणि फार थोड्या गाडीवाल्यांना तो माहीत आहे.

शमशेर कटारिया नावाच्या गृहस्थांनी सुट्या पार्टबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २०११ चं प्रकरण. सुरुवातीला ते तीनच कंपन्यांविरुद्ध होतं, तपासात बाकीच्यांचाही तोच कारभार दिसला. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आपण रोज रस्त्यावर बघतो त्या बहुतेक नावांचा त्यात समावेश होता, देशी आणि परदेशी दोन्ही. कंपन्या आपले सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, पार्ट बनवणाऱ्या पुरवठादारांना ते खुल्या बाजारात विकू देत नाहीत, आणि या कोंडीतून ग्राहकाकडून वाटेल ती किंमत वसूल करतात, असा तो निष्कर्ष होता. काही पार्टची किंमत १०० टक्क्यांपासून सुमारे ५,००० टक्क्यांपर्यंत चढवलेली आढळली. आकडा पुन्हा वाचा.

दंडापेक्षा महत्त्वाचे होते ते आदेश. पार्ट खुल्या बाजारात उपलब्ध करा. दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या. आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड झालेल्यांपैकी दुसऱ्याच तीन कंपन्यांच्या बाबतीत निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड एकूण उलाढालीऐवजी फक्त सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगितला, म्हणजे तो खूपच खाली आला. २०१४ चा आदेश, आणि आजही ॲडव्हायझर वॉरंटीचं तेच वाक्य तसंच म्हणतो. मला याचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्राला तर हे जास्तच लागायला हवं. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या कारखान्यांत हे पार्ट बनतात. आपल्या घरातली, गल्लीतली माणसं तिथे तीन-तीन शिफ्टमध्ये राबतात. तोच पार्ट कार कंपनीच्या छापील खोक्यात गेला की एका भावाचा, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात गेला की दुसऱ्या भावाचा. पुण्यात नाना पेठेत एखाद्या जुन्या स्पेअरच्या दुकानात उभं राहून बघा. काउंटरवरचा माणूस चॅसिस नंबर विचारतो, दोन-तीन खोकी समोर ठेवतो आणि फरक सांगतो: हे कंपनीचं, हे ज्याने कंपनीला दिलं त्याचं, हे स्वस्तातलं, ब्रेकला हे लावू नका. ठरवणार आपण. डुप्लिकेट माल बाजारात आहे, त्यात शंका नाही, विशेषतः फिल्टर आणि ब्रेक पॅडमध्ये. म्हणूनच तर खुल्या बाजारात ओरिजिनल माल अधिकृतपणे, बिलासकट मिळायला हवा.

वॉरंटीतली गाडी, रिकॉलचं काम, एअरबॅग, एबीएस, चॅसिसपर्यंत गेलेला अपघात, यासाठी मीही डीलरकडेच जाईन आणि तुम्हीही जा. तिथे हाताने काम करणाऱ्या पोरांशी माझं भांडण नाही. आयटीआय करून आलेली ही मुलं दिवसभर ग्रीसमध्ये असतात. लेबरच्या नावाखाली आपल्याकडून तासाला जे घेतलं जातं आणि त्यांच्या हातात महिन्याला जे पडतं, ते एकदा त्यांनाच बाजूला घेऊन विचारा.

आपल्या हातात आज काय आहे? जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहा: "एस्टिमेटबाहेरचं काम फोन करून विचारल्याशिवाय करू नये. काढलेले सर्व पार्ट परत हवेत." एस्टिमेट पार्ट नंबरसकट मागा. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फरक बिलात उतरलाय का ते तपासा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

पण एकेकट्या ग्राहकाने किती भांडायचं? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला, कंपन्यांना बाहेरच्या गॅरेजसाठी माहिती खुली करावी लागली. आपल्याकडे केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टलवर कंपनीने स्वतःच्याच सर्व्हिस सेंटरचे पत्ते टाकून चालणार नाही. चाचांना स्कॅनर लावून एरर कोड वाचता आला पाहिजे, नवा सेन्सर बसवल्यावर तो गाडीला ओळखायला लावता आला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर वाजवी पैशांत मिळालं पाहिजे. इलेक्ट्रिक गाड्या वेगाने वाढतायत. बॅटरी पॅक, कंट्रोलर, चार्जिंग, सगळं सॉफ्टवेअरच्या कुलपात आहे. हे आत्ता ठरलं नाही, तर दहा वर्षांनी बाहेरच्या मेकॅनिकला बोनेट उघडूनही काही करता येणार नाही आणि लाखाच्या एस्टिमेटवर सही करण्याशिवाय आपल्यापुढे पर्याय उरणार नाही.

म्हणून आमच्या खासदारांना मी पत्र पाठवलंय: २०१४ चे आदेश वाहनांसाठी थेट कायद्यात आणा, जुना पार्ट परत देणं बंधनकारक करा, आणि क्लेम असो वा कॅश, एस्टिमेट एकच द्यायला लावा. तुम्हालाही तुमच्या खासदारांना लिहायचं असेल तर मसुदा माझ्याकडे तयार आहे. मेसेज करा, पाठवते.